बाळाला लळा लागतो तेव्हा नेमके काय घडते?

कोल्हापुरात नव्या बाळंतिणीला एक सल्ला घराघरांत हमखास मिळतो : “सारखं उचलून घेऊ नकोस, मांडीची सवय लागंल त्याला.” तीच बाळंतीण रात्री बाळाला पाजताना मोबाइल उघडते, तेव्हा समोर उलटेच सांगणारी चित्रफीत येते : पहिल्या हजार दिवसांत आईकडून काही राहून गेले, तर ते नुकसान जन्मभर भरून निघत नाही. एक सल्ला तिचा हात मागे खेचतो, दुसरा तिला धास्तावून सोडतो. या दोन्हींच्या मुळाशी मानसशास्त्रातील पाऊणशे वर्षांचा एक अभ्यासविषय आहे. त्यातून काय सिद्ध झाले, काय झालेले नाही आणि ऊसतोडीच्या हंगामापासून औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्यांपर्यंत आपल्या जिल्ह्याच्या व्यवहाराशी त्याचा संबंध कसा येतो, हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत येथे मांडत आहे.

लळा दुधामुळे लागत नाही

भीती वाटली, दुखले, थकवा आला की बाळ ज्या ठरावीक माणसाकडे धाव घेते, त्या माणसाशी जुळलेल्या त्याच्या नात्याला मानसशास्त्रात ‘भावबंध’ म्हणतात. आपण रोजच्या बोलण्यात त्याला लळा म्हणतो. तो जन्मतःच तयार नसतो. पहिले दोन-तीन महिने बाळ कोणाच्याही कुशीत शांत होते. मग ते ओळखीचे आवाज आणि चेहरे वेगळे काढू लागते आणि साधारण सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास परक्याने घेतले की रडू लागते. पाहुण्यांसमोर आईवडिलांना त्याचा संकोच वाटतो. वास्तविक ‘माझी माणसे कोणती’ हे बाळाच्या मनात पक्के होत असल्याची ती खूण असते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समजूत अशी होती, की आई भूक भागवते म्हणून बाळाला ती प्रिय होते. जॉन बोल्बी (१९०७-१९९०) या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी ती नाकारली. दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर झालेल्या मुलांविषयी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली अहवाल लिहिला. अन्न, स्वच्छता आणि औषध मिळूनही सातत्याने सांभाळणारे माणूस नसेल तर मूल खुरटते, हे त्यांनी त्यात मांडले. पुढे १९५८ साली हॅरी हार्लो यांनी अमेरिकेत माकडांच्या पिलांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. आईपासून तोडलेल्या पिलांना त्यांनी दोन कृत्रिम ‘आया’ दिल्या : एक तारेची, जिच्याकडून दूध मिळे, आणि दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. पिले दुधापुरती तारेच्या आईकडे जात आणि बाकीचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. घाबरली की तिच्याकडेच धावत. प्रयोग क्रूर होता, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. पण पोटाची भूक आणि आधाराची भूक या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे त्यातून निर्विवाद दिसले.

याचा व्यवहारावर परिणामही झाला. त्या काळी ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत आजारी मुलाला भेटण्याची परवानगी आईवडिलांना अगदी मोजक्या वेळेपुरती असे, कारण ते निघून गेल्यावर मूल रडते आणि वॉर्डातली शिस्त बिघडते. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी अशा मुलांचे निरीक्षण केले, तेव्हा आठवडाभराने ‘शहाणे’ होऊन गप्प पडलेले मूल प्रत्यक्षात निराश झालेले असते, हे लक्षात आले. १९५९ साली तेथील सरकारी समितीने पालकांना मुक्त प्रवेश देण्याची शिफारस केली.

लळा मोजतात कसा?

या विषयाचा पाया निरीक्षणावर उभा करण्याचे श्रेय मेरी एन्सवर्थ (१९१३-१९९९) यांचे आहे. त्यांचे पहिले मोठे काम युगांडातील खेड्यांत, १९५४-५५ मध्ये झाले. आई शेतात, चुलीपाशी, शेजाऱ्यांत वावरत असताना बाळ तिच्याकडे कसे परतते, हे त्यांनी महिनोन्‌महिने पाहिले. नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे त्यांनी सुमारे वीस मिनिटांची एक चाचणी तयार केली. साधारण एक ते दीड वर्षाचे मूल आईबरोबर एका अनोळखी खोलीत खेळते, एक परकी व्यक्ती येते, आई थोड्या वेळासाठी दोनदा बाहेर जाऊन परत येते. मूल आई गेल्यावर किती रडले यापेक्षा आई परतल्यावर त्याने काय केले, याला येथे अधिक महत्त्व आहे.

काही मुले आई आल्यावर तिच्याकडे जातात, शांत होतात आणि पुन्हा खेळायला लागतात. त्यांचा लळा सुरक्षित मानला जातो. काही मुले आईकडे पाहायचे टाळतात, जणू तिची गरजच नाही. काही तिला घट्ट धरतात आणि त्याच वेळी रागाने ढकलतातही, लवकर शांत होत नाहीत. पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी चौथा गट वेगळा काढला : जवळ जावे की दूर पळावे हेच न कळून जागीच थिजणारी किंवा गोंधळलेली मुले. ज्याच्याकडून आधार मिळायला हवा त्याचीच भीती वाटते, अशा घरांत हा प्रकार अधिक आढळतो आणि सर्वांत चिंतेचा हाच असतो.

येथे एका गैरसमजाचे निरसन आवश्यक आहे. सुरक्षित लळा म्हणजे सदैव पदराला धरून राहणारे मूल नव्हे. कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीत पोरसवदा पैलवान नवा, अवघड डाव टाकायला धजतो, कारण आखाड्याच्या कडेला वस्ताद उभे आहेत हे त्याला ठाऊक असते. डाव फसला, अंगावर आले तर ते पुढे होतील. वस्ताद आखाड्यात उतरून त्याच्या वतीने कुस्ती खेळत नाहीत, पण त्यांचे तेथे असणे त्याला धाडस देते. बाळासाठी सांभाळणारे माणूस हेच करते. ज्याला परतण्याची जागा नक्की आहे, ते मूल अधिक दूरवर रांगत जाते.

१९८८ साली आठ देशांतील सुमारे दोन हजार बाळांवरील अभ्यास एकत्र तपासण्यात आले, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश बाळांचा लळा सुरक्षित असल्याचे दिसले. देशादेशांतील फरकापेक्षा एकाच देशातील वेगवेगळ्या गटांमधला फरक मोठा होता. म्हणजे बहुसंख्य साधी, दमलेली, चुकणारी माणसे हे काम पुरेसे चांगले करतात.

पण सारखे उचलल्याने मूल लाडावत नाही का?

काही महिन्यांच्या बाळाकडे मोठ्यांना वेठीस धरण्याचा बेत आखण्याइतकी बौद्धिक क्षमताच नसते. रडणे हे त्याच्याकडचे जवळजवळ एकमेव साधन आहे. अस्वस्थ झालेल्या बाळाच्या शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात आणि ती स्वतःहून खाली आणण्याची यंत्रणा अजून कच्ची असते. उचलणे, थोपटणे, ओळखीचा आवाज यांनी ते शांत होते आणि अशा शेकडो अनुभवांतून हळूहळू स्वतःला सावरायला शिकते. एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकारी सिल्व्हिया बेल यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या बाळांच्या रडण्याला सुरुवातीच्या महिन्यांत लवकर प्रतिसाद मिळाला, ती वर्षाच्या अखेरीस कमी रडताना आढळली. तो अभ्यास २६ बाळांचाच होता आणि त्याच्या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले. उलट २०२० साली ब्रिटनमध्ये १७८ बाळांच्या अभ्यासात, अधूनमधून रडू दिलेल्या मुलांच्या दीड वर्षाच्या वयातील लळ्यावर वाईट परिणाम दिसला नाही.

दोन्ही एकत्र वाचले तर निष्कर्ष असा निघतो : उचलून घेतल्याने मूल बिघडते याला आधार नाही, आणि एखाद्या रात्री थकून, पाच-दहा मिनिटे उशिरा उठल्याने नाते तुटते यालाही नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोग या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगितला जातो. आई बाळाशी खेळत असते. मग सूचनेप्रमाणे ती दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवते. बाळ प्रथम हसून, हुंकार देऊन, हात पुढे करून तिला परत आणण्याचा प्रयत्न करते, मग तोंड फिरवते आणि शेवटी रडते. पण त्याच ट्रॉनिक यांचा दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. उत्तम नाते असलेल्या आई-बाळांचेही सूर बराच वेळ जुळलेले नसतात. बाळाला एक हवे असते आणि आई दुसरेच समजते. फरक पडतो तो बिनसलेले पुन्हा जुळण्याने. चुकल्यावर परत वळून पाहणारे माणूस बाळाला हवे असते आणि तेवढे आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्यात असते.

आईच हवी का? नोकरी करणाऱ्या बाईचे काय?

बोल्बींच्या सुरुवातीच्या लेखनात सारा भर आईवर होता आणि स्त्रियांनी घरीच बसावे असे म्हणणाऱ्यांनी त्याचा पुरेपूर वापर केला. संशोधन मात्र तेथे थांबले नाही. १९६४ साली ग्लासगोमधील साठ बाळांच्या अभ्यासात असे आढळले, की दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांना एकापेक्षा जास्त माणसांचा लळा लागलेला असतो : वडील, आजी-आजोबा, मोठी भावंडे. आपल्याकडे तर हे वेगळे सिद्ध करायलाच नको. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलीचे बाळ सव्वा महिना आजीच्या पायांवर तेल-न्हाणे घेत वाढते आणि त्याला आजीचा आवाज आईइतकाच ओळखीचा होतो. आजीची मांडी हा आपल्या समाजाचा मोठा ठेवा आहे, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणेन.

पाळणाघराविषयीही ठोस पुरावा आहे. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा मागोवा घेणाऱ्या सरकारी अभ्यासात, केवळ पाळणाघरात राहिल्याने पंधरा महिन्यांच्या वयातील लळा असुरक्षित होत नाही, असे दिसले. घरातही बाळाकडे पुरेसे लक्ष नाही आणि पाळणाघरही निकृष्ट किंवा सतत बदलणारे, असे दोन्ही एकत्र आले तेव्हा धोका वाढला. बाळाला ठरावीक, ओळखीची, थोडीच माणसे हवीत. त्यांत आई असावी, बाप असावा, पण सारा भार एकीच्याच खांद्यावर असावा असे शास्त्र सांगत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला छातीशी उघड्या त्वचेला लावून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. तीत आईची प्रकृती ठीक नसेल तर वडील किंवा आजीही बाळाला धरू शकतात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही पद्धत जन्मानंतर लगेच सुरू केल्याने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू एक चतुर्थांशाने घटले.

लळा लावायला कोणीच नसेल तर

याचे उत्तर रोमानियाने फार मोठी किंमत मोजून जगाला दिले. तेथील हुकूमशहा चाउशेस्कू यांनी लोकसंख्या वाढवण्यासाठी १९६६ मध्ये गर्भपातावर कडक बंदी घातली. पोसता न येणारी मुले सरकारी संस्थांत जमा होऊ लागली आणि १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा अशा मुलांची संख्या लाखाहून अधिक होती. त्यांना अन्न मिळे, कपडे मिळत. पण पाळीपाळीने बदलणाऱ्या मोजक्या सेविका आणि ओळीने मांडलेली खाटली एवढेच त्यांचे जग होते. रडून कोणी येत नाही हे कळल्यावर बाळे रडायची थांबली. त्या शांत खोल्यांचे वर्णन पाहून आलेल्या अनेकांनी केले आहे.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी २००० च्या सुमारास बुखारेस्ट येथे अशा १३६ बाळांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील निम्म्या बाळांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून प्रशिक्षित कुटुंबांत ठेवण्यात आले. त्यापूर्वी तेथे अशी कुटुंबे जवळजवळ नव्हतीच, म्हणून ती अभ्यासासाठी उभी करावी लागली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि लळा लावण्याची क्षमता संस्थेत राहिलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. सुमारे दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांत ही सुधारणा सर्वांत मोठी होती. उशिरा गेलेल्यांचे काही नुकसान भरून निघाले, काही राहिले. पुढे रोमानियाने दोन वर्षांखालील मुलांना, गंभीर अपंगत्वाचा अपवाद सोडून, संस्थेत ठेवण्यास कायद्याने मनाई केली. आपल्याकडेही दत्तक प्रक्रियेतले कागद काही महिने अडले, तर ते महिने बाळाच्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे असतात, याची जाणीव प्रत्येक टेबलावर असायला हवी.

मात्र रोमानियातील अनाथालय आणि आपल्या घरातील एखादी राहून गेलेली हाक यांची तुलनाच होऊ शकत नाही. समाजमाध्यमांवरील घाबरवणाऱ्या चित्रफिती हीच गल्लत करतात.

“आम्हाला कुणी जवळ घेतले? आमचे काय बिघडले?”

जुन्या पिढीचा हा आक्षेप मनापासूनचा असतो आणि त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. पूर्वीच्या वाड्यात बाप मुलाला चारचौघांत उचलत नसे हे खरे. पण आत्या, काकू, आजी, शेजारीण यांच्या कडेवरून ते मूल खाली उतरत नसे हेही तितकेच खरे. आज राजारामपुरीतल्या किंवा उचगावातल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत दिवसभर एकट्या असलेल्या आईला ती कडेवरची माणसे कोठून मिळणार?

दुसरे उत्तर असे, की सुरुवातीचा लळा हा विधिलिखित नसतो. मिनियापोलिस येथे १९७० च्या दशकाच्या मध्यापासून गरीब घरांतील पहिलटकरणींच्या मुलांचा प्रौढ होईपर्यंत मागोवा घेण्यात आला. सुरक्षित लळा असलेली मुले पुढे मित्रांत मिसळणे, अडचणीत मदत मागणे, अपयशानंतर सावरणे यांत सरासरीने सरस ठरली. पण सरासरी म्हणजे प्रत्येक मूल नव्हे. नंतर लाभलेला चांगला शिक्षक, प्रेमळ जोडीदार यांनी काहींची वाट बदलली, तर घरावर आलेल्या आपत्तीने काहींची बिघडली.

मग ही घरातली बाब, समाजाची कशी?

जमैकातील किंग्स्टन येथे १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी, वाढ खुंटलेल्या १२९ बाळांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविकांना दोन वर्षे आठवड्यातून एकदा तासभर पाठवले. सेविका घरगुती खेळणी घेऊन जात आणि बाळाशी कसे खेळावे, बोलावे, त्याच्या धडपडीचे कौतुक कसे करावे, हे आईला दाखवत. ती मुले बावीस वर्षांची झाली, तेव्हा अशा भेटी न मिळालेल्या सोबत्यांपेक्षा त्यांची कमाई सरासरी २५ टक्क्यांनी अधिक होती. हा प्रयोग लळ्यापुरता नव्हता. बौद्धिक चालनाही त्यात होती. तरीही आई आणि बाळ यांच्यातील संवादावर केलेला खर्च वीस वर्षांनी पगाराच्या पाकिटात दिसतो, ही बाब कोणत्याही अर्थमंत्र्याने विचारात घ्यावी अशी आहे.

आता आपला जिल्हा पाहू. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड व मराठवाड्याच्या अन्य भागांतून ऊसतोड टोळ्या शिरोळ, हातकणंगले, कागलच्या शिवारांत उतरतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते ती नवरा-बायको मिळून एका ‘कोयत्या’ची, त्यामुळे ओली बाळंतीणही फडात असते. बाळ पाचटाच्या सावलीत झोळीत, नाहीतर कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीपाशी, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. आईने दिवस मोडला तर खाड्याचे पैसे कापले जातात. त्या आईला ‘बाळाच्या रडण्याला लगेच प्रतिसाद द्या’ असे सांगणे हा अन्याय आहे. तिच्या मायेत काही उणे नाही. तिला वेळ नाही आणि तो वेळ तिच्याकडून आपल्या साखरेसाठीच घेतला जातो. साखरशाळांचा, म्हणजे हंगामात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या शाळांचा, विचार झाला तो शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. दोन वर्षांखालच्या बाळाला तेथे जागा नाही.

शहरातली स्थिती वेगळी, पण प्रश्न तोच. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतीची भरपगारी रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय व आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा बंधनकारक झाली. इचलकरंजीतला छोटा यंत्रमाग कारखाना, हुपरीत घरबसल्या चांदीचे दागिने ओवणारी बाई, धुणीभांडी करणारी मावशी यांच्यापर्यंत हा कायदा पोहोचत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीपुढे ती रक्कम किती तोकडी आहे, हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आपण फारशी बोलत नाही. भारतातील ३८ अभ्यासांचा २०१७ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सुमारे २२ टक्के मातांमध्ये प्रसूतीनंतरचे नैराश्य आढळले. अशी आई बाळाला दूध पाजते, न्हाऊ घालते, पण तिचा चेहरा ट्रॉनिक यांच्या प्रयोगातल्यासारखा निर्विकार राहतो आणि घरचे म्हणतात, “हिला बाळाची ओढच नाही.” हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि तिच्यावर उपचार करणे म्हणजे बाळावरही उपचार करणे आहे. १४४१६ या शासकीय टेलिमानस दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाचे शिकणे ही केवळ त्याच्या आईबापांची खासगी बाब नाही, हे या भूमीने मान्य केले. त्याच न्यायाने शाळेआधीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांकडे पाहायला हवे.

आहे त्या व्यवस्थेत काय करता येईल?

नवे खाते उघडण्याची गरज नाही. दवाखान्यात प्रसूती झालेल्या घरी आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात जाते. वजन, लसीकरण, वरचे अन्न यांची विचारपूस होते. त्याच भेटीत आईला झोप मिळते का, तिला रडू येते का, दिवसा बाळाजवळ कोण असते, हे तीन प्रश्न विचारता येतील आणि त्यासाठी आशाताईला वाढीव मानधन व प्रशिक्षण द्यावे लागेल. शून्य ते तीन वर्षांच्या मुलांसाठी केंद्राने २०२४ साली ‘नवचेतना’ हा आराखडा दिला आहे, तर ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. ऊसतोडीच्या बाबतीत मात्र पुढाकार साखर कारखान्यांनीच घ्यायला हवा. टोळ्या कोठे उतरणार हे त्यांच्या शेतकी खात्याला हंगामाआधीच ठाऊक असते. प्रत्येक मोठ्या तळावर एक खोली, स्वच्छ पाणी, टोळीतल्याच दोन वयस्क बायकांना हंगामभराची मजुरी आणि दर काही तासांनी अंगावर पाजायला येणाऱ्या आईचा खाडा न धरण्याचा मुकादमाशी लेखी करार, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. बायका मात्र त्याच हव्यात, दर आठवड्याला बदलणाऱ्या नकोत. बाळाला माणूस ओळखायला वेळ लागतो.